पुढचं सील, मागचं सील

या वादातल्या दोघांनाही इंजिन कळतं, म्हणून तो ऐकण्यासारखा आहे. मामा दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. भाची डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात रबरी भागांची तपासणी करते. गाडी मामांची, १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ती आता भाचीकडे जायची आहे आणि तिच्या इंजिनाचं पोट तेलानं माखलेलं आहे. पात्रं कल्पित आहेत. गळती मात्र जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची.

भाची : मामा, गाडी मी आनंदानं घेते, पण आधी ऑइल सीलं बदलून घेऊ. पुढचं क्रँकचं, वरचं कॅमचं आणि मागचं मेन सील. तिन्ही.

मामा : कशाला? गाडी चालतेय की. दर रविवारी डिपस्टिक काढून बघतो. महिन्याला पाव लिटरसुद्धा कमी होत नाही. तेवढं वरून टाकायचं आणि गप बसायचं. चालत्या इंजिनाला उगाच पाना लावू नये.

भाची : पाव लिटर आज आहे. थेंबाचा हिशोब करून बघा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. मिनिटाला एकच थेंब धरला तरी दिवसाचे १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. महिन्यात दोन लिटरच्या वर. या इंजिनात एकूण तेल तीन लिटरसुद्धा मावत नाही.

मामा : हिशोब बरोबर आहे, पण तो नळाचा आहे, इंजिनाचा नाही. इंजिन बंद केलं की तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि क्रँकचं सील त्या पातळीच्या वर असतं. मग उभ्या गाडीत रात्रभर तिथून गळेल काय? सुरुवातीला चार थेंब पडतील, मग बंद. सकाळपर्यंत टपटप चालूच असेल तर ते क्रँकचं सील नव्हे. चेंबरचं पॅकिंग बघ, ड्रेन बोल्टचा वॉशर बघ, नाहीतर गिअरबॉक्स बघ. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी डाग बोटावर घेऊन हुंगायचा. काळं असेल तर इंजिनाचं. पिवळसर, चिकट, गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल.

भाची : म्हणजे सीलची गळती गाडी चालू असतानाच होते. ते तर आणखी वाईट. दारात डाग पडला तर निदान दिसतो, रस्त्यावर पडलेला कुणाला दिसणार? पहिल्या पावसात ते तेल पाण्यावर पसरतं आणि मागून येणारा दुचाकीवाला आडवा होतो. तुमची पाव लिटरची बचत दुसऱ्याच्या गुडघ्यावर चालली आहे.

मामा काही बोलले नाहीत. गळतीचा हिशोब आपण नेहमी आपल्या डिपस्टिकवर मांडतो, रस्त्यावर कधीच नाही. पण नुसतं गप्प बसून मामा हरणारे नव्हेत.

मामा : ठीक आहे, गळती बंद करायची. पण सील बदललं की ती बंद होईल हे तुला कुणी सांगितलं? सील का गेलं ते आधी सांग.

भाची : वयानं. नायट्राइल रबर आहे. शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात वर्षानुवर्षं राहिलं की कडक होतं. नख दाबलं तरी दबत नाही. ओठ कडक झाला की फिरत्या शाफ्टला धरून हलू शकत नाही, मध्ये फट राहते आणि त्या फटीतून तेल निघतं.

मामा : हे एक कारण. दुसरं ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली येतच असतो, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदरची नळी. ती काजळीनं बुजली की तो दाब चेंबरमध्ये कोंडतो आणि जिथं सगळ्यात कमजोर जागा असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. सीलचा काय दोष? अशा इंजिनात नवं सील घातलंस तर तेही पुढच्या दिवाळीपर्यंत ओलं होईल. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघड. फुसफुस वाफ मारत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल, तर बॅक कंप्रेशन आहे. आधी नळी साफ कर. नळी साफ असूनही मारत असेल तर रिंगा गेल्या, मग सीलचा विषय सोड आणि इंजिनाच्या कामाचे पैसे जमव.

भाची : ते मी काल पाहिलं. थोडी वाफ आहे, झाकण हलत नाही. ब्रीदरची नळी मात्र निम्मी भरलेली होती, ती रॉकेलनं धुतली.

मामा : मग पंधरा दिवस चालव आणि परत बघ. कदाचित फुकटात काम झालं असेल.

भाची : आणि नसेल झालं तर? मामा, तुम्हाला थांबायला फार आवडतं.

मामा : अँबॅसिडर चालवलेल्या माणसाला थांबणं शिकावं लागतं. त्या १,४८९ सीसीच्या इंजिनाला मागच्या बाजूला आजच्यासारखं ओठाचं सीलच नव्हतं, ठाऊक आहे? क्रँकच्या टोकावर उलटे आटे कापलेले असायचे. शाफ्ट फिरला की ते आटे तेलाला परत आत ढकलायचे. फिरत असेपर्यंत ठीक. बंद केलं की थोडं झिरपणारच. ब्रिटिशांची ती रचना आणि आपण ती दशकानुदशकं चालवली. त्याआधीच्या कित्येक इंजिनांत तर ग्राफाइट लावलेली दोरी दाबून बसवत. थोडं गळणं हे तेव्हा इंजिनाच्या स्वभावात धरलेलं होतं.

भाची : तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून धरलेलं होतं. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग म्हणून चामडं कमावणारा कारखाना होता. १९२९ मध्ये त्यांनी चामड्याची सीलं करायला घेतली. वॉल्टर सिमर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याची कल्पना त्यांनी पुढे नेली, स्प्रिंगनं ओठ शाफ्टवर दाबून धरण्याची, आणि १९३६ च्या सुमारास चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज तुमच्या गाडीत आहे ते त्याच घराण्यातलं. बाहेर पत्र्याचं कडं, त्यावर रबर, आत बारीक ओठ आणि ओठाच्या पाठीमागे गोल स्प्रिंग.

मामा : आणि तो ओठ शाफ्टला घट्ट चिकटून तेल अडवतो.

भाची : तसं वाटतं, पण तसं नाही. कोरडा चिकटला तर घर्षणानं काही वेळातच जळेल. ओठ आणि शाफ्ट यांच्या मध्ये तेलाचा अतिशय पातळ पडदा असतो, त्यावर ओठ तरंगतो. चांगला ओठ फिरत्या शाफ्टवर बाहेर निसटणारं तेल सतत आत ओढत असतो. तुमच्या अँबॅसिडरचे आटे करायचे तेच काम, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या मापात. म्हणून सील जुनं झालं की ते फाटलेलं दिसेलच असं नाही. दिसायला धडधाकट असतं, फक्त ही ओढ गेलेली असते.

इथे मला मध्ये बोलायला हवं. गॅरेजमध्ये जुनं सील हातात घेऊन 'चांगलं तर आहे, परत लावू' म्हणणारे पुष्कळ भेटतात. काढलेलं सील परत बसवू नये. एक तर काढताना त्याचं कडं वाकतं, आणि भाची म्हणते तसं, त्याचं बिघडलेलं अंग नजरेला दिसत नाही.

मामा : बरं, बदलायचं. पण तिन्ही एकदम कशाला? तीन सीलं म्हणजे तीन वेगळी कामं आहेत.

भाची : पुढची दोन आधी घ्या. क्रँकचं पुढचं आणि कॅमचं, दोन्ही टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या आत. तिथून निघालेलं तेल रस्त्यावर जायच्या आधी बेल्टवर जातं. बेल्टचं रबर तेलानं फुगतं, दात सुटायला लागतात. एक दिवस दात सरकले की वॉल्व्हची वेळ चुकते आणि गाडी जागच्या जागी बंद. खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रकांची रांग असताना. त्या वेळी तुमची डिपस्टिक पूर्ण भरलेली असेल, मामा. तेल कमी झालं नाही म्हणजे नुकसान झालं नाही, हा तुमचा हिशोब इथे लागूच होत नाही.

मामा : हे मान्य. पुढच्या सीलांबद्दल मी भांडत नाही. कव्हर काढलं तेव्हा बेल्ट ओला होता?

भाची : कडेला. खालच्या पुलीभोवती काळा चिखल जमलाय.

मामा : मग थांबू नकोस. बेल्टही नवा घाल. तेल प्यालेला बेल्ट पुसून परत लावायचा नसतो. आणि बेल्ट काढण्याआधी पुल्यांच्या खुणा जुळवून ठेव. नवा चढवल्यावर स्टार्टर मारायचा नाही, आधी पान्यानं इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघायचं.

इथपर्यंत दोघांचं जमलं. खरी झटापट मागच्या सीलवरून झाली, आणि ती होणं रास्त होतं. मागचं सील दीड-दोनशे रुपयांचं, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील. सीलच्या कितीतरी पट पैसे नुसत्या मजुरीत जातात.

मामा : मागून गळतंय हे तू कशावरून ठरवलंस?

भाची : गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून खाली थेंब लोंबतोय.

मामा : थेंब लोंबतो ती जागा शेवटची. पहिली जागा कुठली? या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल तिथून निघतं, ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत त्याच सांध्यात उतरतं आणि खालून बघणारा म्हणतो, मेन सील गेलं! टॅपेट कव्हरचं पॅकिंगही तसंच. गिअरबॉक्स उतरवून, मेन सील बदलून, पाच-सहा हजारांचं बिल देऊन घरी गेलेल्या माणसाची गाडी आठ दिवसांत परत ओली झालेली मी पाहिली आहे. चूक होती वरच्या एवढ्याशा रिंगेची.

भाची : मग शोधायचं कसं?

मामा : धुवून. डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत स्वच्छ कर, कोरडं कर, सांध्यांवर टाल्कम पावडर मार आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आण. पावडर वरून ओली व्हायला लागली की कुठून सुरुवात झाली ते दिसतं. आणि क्लच घसरतोय का ते बघ. तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असं होतंय का?

भाची : नाही. क्लच अजून चांगला पकडतो.

मामा : मग मागचं सील आता नाही. क्लच प्लेट संपेल तेव्हा गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. त्या दिवशी फ्लायव्हीलमागे हात जाईल, तेव्हा मेन सील न विचारता बदल. तोपर्यंत ओलं राहिलं तर राहू दे.

भाची : आणि रस्त्यावरचा दुचाकीवाला?

मामा : त्याच्यासाठी आधी डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग आणि टॅपेट पॅकिंग बदल. त्यानंतरही थेंब पडला, नुसतं ओलं नाही, थेंब, तर मग उतरव गिअरबॉक्स. मी मजुरी देतो.

हे शेवटचं वाक्य एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाकडून येणं म्हणजे जवळपास शरणागतीच. भाचीनं लगेच पुढचा मुद्दा काढला.

भाची : बाजारात तेलात टाकायचं औषध मिळतं, सील परत मऊ करणारं. तुम्ही आतापर्यंत ते कसं टाकलं नाहीत?

मामा : त्यानं रबर थोडं फुगतं, खरं आहे. कडक झालेल्या सीलवर काही महिने निघतात. पण झिजलेला ओठ त्यानं परत उगवत नाही, आणि बाकीची चांगली सीलंही तेच पितात. विकायची गाडी असेल तर लोक टाकतात. तुला द्यायच्या गाडीत मी टाकणार नाही. काही जण इंजिन ऑइलमध्ये ब्रेक ऑइल ओततात, त्यांच्यापासून तर चार हात लांब राहा.

भाची : आता बसवण्याचं सांगा. सील चांगलं की वाईट हे मी मोजून सांगेन, पण तुमच्याइतकी सीलं मी बसवलेली नाहीत.

मामा : निम्मी नवी सीलं बसवतानाच मरतात. पहिलं, जुनं काढताना शाफ्टवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून उचकायचं नाही. एक ओरखडा पडला की नवं सील त्याच दिवशी गळेल. सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाड, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लाव म्हणजे कीस आत पडत नाही. त्या भोकात स्क्रू फिरव आणि पक्कडीनं स्क्रू ओढ. मग शाफ्टवरून नख फिरव. ओठ जिथं वर्षानुवर्षं घासला तिथं चर पडलेला असतो. रबर पोलादाला खातं, कारण तेलातली घाण त्या रबरात रुतून बसते. नख अडकलं तर नवा ओठ त्याच चरात बसता कामा नये.

भाची : मग सील एक-दीड मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे बसवायचं, सील बसतं त्या घरात तेवढी जागा असेल तर. नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मिळते. आणि शाफ्ट पॉलिश पेपरनं साफ करताना पट्टी पुढे-मागे सरकवायची नाही, एका जागीच फिरवायची. सरकवत नेली तर शाफ्टवर तिरक्या, आट्यांसारख्या रेघा उमटतात आणि त्या तेलाला बाहेर पंप करतात. मुद्दाम कापलेला आटा तेल आत ठेवतो, चुकून पडलेला बाहेर काढतो.

मामा : हे मला कुणी असं फोडून सांगितलं नव्हतं. पट्टी एका जागी फिरवायची एवढंच उस्तादांनी शिकवलं होतं. बरं, पुढे. ओठाची बाजू तेलाकडे. सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघायचा. ओठाला आणि शाफ्टला तेल लावायचं, कोरडं कधीच चढवायचं नाही. स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरायचं, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडते आणि कळतही नाही. शाफ्टच्या टोकाला चावीची खाच असते, तिच्यावर टेप गुंडाळायची म्हणजे ओठ कापला जात नाही. आणि हातोडी थेट सीलवर मारायची नाही. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा किंवा मोठा बॉक्स सॉकेट घ्यायचा, तो मधोमध ठेवून हळूहळू. एका बाजूनं आत गेलं की समज वाकडं बसलं, ते काढून फेकायचं.

भाची : आणि मागचं?

मामा : मागच्याला एक सोय आहे. ते एका प्लेटमध्ये बसतं आणि प्लेट ब्लॉकला बोल्टनं लागते. प्लेट काढून टेबलावर सील नीट दाबून बसवता येतं. पण प्लेटची खालची कड चेंबरच्या पॅकिंगवर येते. घाईत लोक तो कोपरा तसाच सोडतात आणि मग नवीन सीलला शिव्या देतात.

भाची : सील कुठलं घ्यायचं ते मी ठरवते. दुकानात 'आठशेचं सील द्या' म्हणून जे मिळेल ते नाही. त्यावर तीन आकडे छापलेले असतात, शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी. ते जुळले पाहिजेत. आणि रबर शक्य तर फ्लोरोचं, बाजारात ज्याला विटन म्हणतात. नायट्राइल शंभर अंशांच्या आसपास थकतं, हे दोनशेपर्यंत तग धरतं. महाग आहे, पण मजुरी एकदाच द्यायची असेल तर स्वस्तच पडतं.

मामा : सत्तावीस वर्षांच्या गाडीला इतकं?

भाची : याच गाडीची नोंदणी वाढवायला २०२३ मध्ये तुम्ही पाच हजार भरलेत. मारुती ८०० बंद झाली २०१४ मध्ये. तरी कुठल्याही तालुक्याच्या गावात तिचे सुटे भाग मिळतात, कारण पंचवीस लाखांच्या वर गाड्या विकल्या गेल्या. एवढं सोपं इंजिन परत मिळणार नाही. तुम्हीच म्हणता.

मामा : म्हणतो. पण तुझं 'तिन्ही एकदम' मला अजून पटलेलं नाही.

भाची : आणि तुमचं 'थांबून बघू' मला.

दोघांना तिथेच सोडतो, पण माझं मत सांगून. 'थांबून बघू' हे धोरण सगळीकडे चालत नाही. जुन्या टू-स्ट्रोक चेतक किंवा येझदीमध्ये क्रँकचं सील गेलं की गोष्ट निराळी असते. मॅग्नेटोकडचं सील हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढते आणि पिस्टन जाम व्हायची भीती असते. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं आणि मागून पांढरा धूर येतो. तिथे मामांची पंधरा दिवसांची मुदतसुद्धा जास्त आहे. चारचाकीत पुढच्या सीलांबाबत भाची बरोबर आहे, कारण तिथे बेल्ट पणाला लागतो. मागच्या सीलबाबत मामा बरोबर आहेत, जोवर क्लच पकडतोय आणि खाली थेंब पडत नाही तोवर. ब्रीदर मात्र दोन्ही बाबतींत आधी.

तेव्हा गाडी टायमिंग बेल्टच्या कामाला टाकाल तेव्हा मेकॅनिकला गाडी सोडतानाच सांगा की बेल्ट निघतोय, तर क्रँकचं पुढचं आणि कॅमचं सील त्याच वेळी नवं घाल. क्लचच्या कामाला टाकाल तेव्हा मागच्या मेन सीलचं सांगा. आणि काढलेली जुनी सीलं मागून घ्या, बदलली की नाही हे त्यावरूनच कळतं.